वळिवड्याच्या पोलिश चुली

कोल्हापूरहून मिरजेच्या गाडीत बसलं की गूळ मार्केटच्या पुढचं स्टेशन वळिवडे. १९४३ ते १९४८ या काळात या वळिवड्याच्या माळावर एक अख्खं पोलिश गाव नांदत होतं. पाच हजारांच्या आसपास वस्ती. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, दुकानं होती, नाटक-नाचगाण्यांसाठी रंगमंच होता. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून परागंदा झालेल्या माणसांची भारतातली ही सर्वांत मोठी वसाहत. महाराष्ट्रातल्या पुष्कळांना ती ठाऊकच नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही ‘कोल्हापूरच्या छत्रपतींच्या संस्थानात पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला’ एवढ्या एका वाक्यापलीकडे फारसं काही सांगता येत नाही.

माझं माहेर वळिवड्याच्या शेजारचं उचगाव आणि सासर दौंड तालुक्यातलं यवत. माहेरी माझी आजी त्या छावणीत दूध घालायला जायची. ‘लढाईतली माणसं’ असंच ती त्यांना म्हणायची. तिला सगळ्यात नवल कशाचं वाटलं होतं, तर त्या गोऱ्या बायका स्वतःचं धुणं स्वतः धुवायच्या, पाणी भरायच्या, शेगडी पेटवायच्या. त्या काळात गोरी बाई म्हणजे साहेबाची मडम; तिच्या हाताखाली चार नोकर. आणि इथं ह्या बायका पदर खोचल्यासारखा झगा खोचून भांडी घासत बसलेल्या. दुधाला बोट लावून, वास घेऊन मगच घ्यायच्या, असं आजी सांगायची. “त्यास्नी दुधातलं कळतंय. घरात गुरं असलेली माणसं हैत ती,” हे तिचं निदान.

ते निदान अगदी बरोबर होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळलं.

सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये शिरल्या आणि १७ तारखेला पूर्वेकडून स्टालिनच्या. देशाचे दोन तुकडे झाले. पूर्वेच्या भागात आधीच्या युद्धातल्या पोलिश सैनिकांना सरकारनं शेतजमिनी दिल्या होत्या. जंगलखात्यातली कुटुंबंही तिकडे बरीच होती. नव्या राजवटीला ही माणसं नको होती. १० फेब्रुवारी १९४० ला, ऐन थंडीत, त्यांची दारं ठोठावली गेली. हाताला लागेल ते गाठोड्यात बांधायचं, आणि मालगाडीचे डबे. आधी ही शेतकऱ्यांची आणि वनरक्षकांची कुटुंबं, मागून शिक्षक, पोलीस, अधिकारी यांच्या बायकामुलांच्या खेपा. कुणाला उत्तर रशियात, कुणाला सायबेरियात, कुणाला कझाकस्तानात नेऊन टाकलं. तिथं लाकूडतोड करायची आणि कामाच्या हिशेबानं तोलून मिळेल तेवढा पाव खायचा. काम कमी झालं की पाव कमी. आजारी पडलेल्याचं पोट कुणी भरायचं, तर घरातल्या दुसऱ्यानं आपला तुकडा मोडून.

जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच चाल केली तेव्हा चित्र पालटलं. सव्वा महिन्यात लंडनमधलं पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला. पोलिश कैद्यांना मोकळं केलं गेलं आणि जनरल आंडर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहू लागली. १९४२ मध्ये ही फौज कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. तिच्याबरोबर हजारो बायकामुलं. फौज आणि कुटुंबं मिळून लाखाहून जास्त माणसं. पुरुष लढाईवर गेले; मे १९४४ मध्ये इटलीतला मोन्ते कासिनोचा डोंगर सर केला तो त्यांनीच. मागं राहिलेल्या बायकामुलांना ठेवायचं कुठं? आफ्रिकेत छावण्या निघाल्या, न्यूझीलंडनं काही मुलं नेली, आणि भारताच्या वाट्याला काही हजार आले. पहिली तुकडी अनाथ मुलांची. ती १९४२ मध्ये ट्रकांतून रशियाच्या सीमेवरून इराण आणि क्वेट्टामार्गे मुंबईत वांद्र्याला आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या बालाचडीत मुलांसाठी छावणी उघडली. वॉर्सात आज ‘भल्या महाराजांच्या’ नावाचा चौक आहे तो त्यांचा. आणि मग मोठ्या वस्तीसाठी जागा पाहिली गेली ती कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याच्या माळावर.

इथवरचा इतिहास पुस्तकांत मिळतो. अनुराधा भट्टाचार्जी यांचं इंग्रजी पुस्तक आहे, आणि या छावणीत वाढलेल्या पोलिश मंडळींनी लंडनमध्ये संघटना काढून स्वतःच्या आठवणींचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला आहे. पण मी बाई माणूस, आणि माझ्या सासरी दरवर्षी हजारोंचा स्वयंपाक होतो. त्यामुळे हे सगळं वाचताना माझं लक्ष एकाच ठिकाणी खिळून राहिलं. वळिवड्याला प्रत्येक कुटुंबाला स्वतःचं स्वयंपाकघर होतं.

छावणी म्हटलं की आपल्यापुढे काय येतं? लांब रांग, हातात थाळी, मोठ्या पातेल्यातून पळीनं वाढलेलं काहीतरी. पुष्कळ छावण्या अशाच चालतात, आणि घाईच्या वेळी दुसरा इलाज नसतो. वळिवड्याची घरंही लष्करी पद्धतीच्या लांबलचक बराकीच होती. पण आतून भिंती घालून त्या कुटुंबागणिक विभागलेल्या. खोल्या, पुढं ओसरी, आणि चूल मांडायला वेगळी जागा. कुटुंबाला महिन्याला रोख भत्ता मिळायचा. त्यातून काय आणायचं, काय शिजवायचं, कुठं काटकसर करायची, हे त्या घरातल्या बाईनं ठरवायचं. अनाथ मुलांच्या वसतिगृहाला तेवढं सामाईक जेवण. खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा.

हे ज्यानं ठरवलं त्याला माझा मनापासून नमस्कार. दोन वर्षं तोलून मिळणाऱ्या पावाकडे डोळे लावून बसलेल्या बाईच्या हातात तुम्ही पैसे दिलेत, शेगडी दिलीत आणि म्हणालात, ‘आज काय करायचं ते तूच ठरव.’ तिला औषध दिलंत, कपडे दिलेत, पण या एका गोष्टीनं ती पुन्हा घरधनीण झाली. आजीला दुधाला बोट लावून पाहणारी बाई दिसली ती यामुळे. रांगेत थाळी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दूध पारखून घ्यायची सोय नसते.

मग बाजार आलाच. आसपासच्या गावांतून दूध, अंडी, कोंबड्या, बटाटे, कांदे, कोबी येऊ लागलं. पोलिश जेवणाचा निम्मा संसार बटाटा, कांदा, कोबी आणि दूध यांवर चालतो, ते वळिवड्याला मुबलक होतं. कोबीच्या उकडलेल्या पानांत भात आणि खिमा गुंडाळून शिजवायचे त्यांचे ‘गोवोंप्की’. कोबी आणि मांस तासन् तास शिजवून केलेला ‘बिगोस’. बीटाचं आंबटसर लाल सार, ‘बार्श्च’. किसलेल्या बटाट्याचे तव्यावरचे घावनही त्यांच्याकडे रोजचेच. त्यांचा जीव ज्यात अडकला असेल तो राय नावाच्या धान्याचा काळसर, आंबूस पाव. ते धान्य आपल्याकडे पिकत नाही. आणि थंडी. आंबवून ठेवायच्या सगळ्या पदार्थांना त्यांच्याकडची तळघरं आणि बर्फाचा हिवाळा लागतो. कोल्हापूरच्या मे महिन्यात तो कुठून आणणार?

पण एक गोष्ट वाचून मी थबकले. पूर्व पोलंडमध्ये, म्हणजे बरोबर याच लोकांच्या मुलुखात, नाताळच्या आदल्या रात्री एक गोड पदार्थ होतो. सडलेला गहू मऊ शिजवायचा, त्यात वाटलेली खसखस, मध आणि अक्रोड घालायचे. खसखस वाटताना हात भरून येईपर्यंत वाटायची, तिला पांढरं दूध सुटलं पाहिजे. आमच्या माहेरी खपली गव्हाची खीर करतात तीही अशीच. गहू रात्री भिजवायचा, सडायचा, कोंडा पाखडायचा, मऊ शिजवायचा, गूळ घालायचा आणि वरून वाटलेली खसखस. मधाच्या जागी गूळ आणि अक्रोड नाहीत, एवढाच काय तो फरक. म्हणजे जी माणसं सगळं गमावून इथं आली, त्यांच्या वर्षाच्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या पदार्थाला लागणारा जिन्नस न् जिन्नस कोल्हापूरच्या बाजारात मिळत होता.

त्या रात्रीला ‘विगिलिया’ म्हणतात. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत उपास. टेबलावरच्या पांढऱ्या चादरीखाली वाळलेलं गवत पसरायचं, कारण येशू गोठ्यात जन्मला. बारा पदार्थ, पण मांस नाही. आणि जेवणाआधी ‘ओप्वातेक’: कागदासारखी पातळ, पांढरी, वर चित्र उमटवलेली पापडी. ती घरातल्या प्रत्येकानं हातात धरायची आणि दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडून घेत त्याचं भलं चिंतायचं. थोरल्यांनी धाकट्यांचं, धाकट्यांनी थोरल्यांचं. वर्षभरातली भांडणं तिथं मिटवायची असतात. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित आलेल्या पाहुण्यासाठी. वळिवड्यातल्या किती घरांत ते ताट मांडताना बाईच्या डोळ्यांपुढे पाहुण्याऐवजी इटलीतल्या लढाईवरचा नवरा आला असेल, किंवा रशियात मातीआड झालेलं मूल! बाहेर डिसेंबरातली कोल्हापूरची थंडी, उसाची शेतं, दूर कुठंतरी गुऱ्हाळ चालू, आणि आत पोलिश भाषेतली नाताळची गाणी.

चुलीनं घर उभं राहिलं, पण समाज उभा राहायला आणखी काही लागतं, आणि तेही या माणसांनी फार लवकर उभं केलं. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, शिक्षिका तयार करणारे वर्ग. मुलामुलींची स्काउट पथकं. लोकनृत्यांसाठी पोलंडच्या वेगवेगळ्या प्रांतांचे भरतकाम केलेले पोशाख त्यांनी इथं शिवले. ३ मे हा त्यांच्या १७९१ च्या राज्यघटनेचा दिवस आणि ११ नोव्हेंबर हा १९१८ च्या स्वातंत्र्याचा. दोन्ही दिवशी संचलन आणि कार्यक्रम. छातीच्या विकाराची भीती असलेल्या मुलांना हवापालटासाठी पाचगणीला ठेवलं जाई. मुंबईत पोलंडचे वाणिज्यदूत होते एऊगेनिउश बानाशिन्स्की. त्यांच्या पत्नी किरा बानाशिन्स्का यांनी पोलिश रेडक्रॉसच्या वतीनं या सगळ्या कामाचा मोठा भार उचलला. युद्धानंतर त्या भारतातच राहिल्या, हैदराबादकडे त्यांनी समाजकार्य केलं, आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा बाईचं नाव कोल्हापुरात एखाद्या रस्त्याला असायला हवं, असं मला फार वाटतं.

आता यवतचं सांगते, कारण चुलीबद्दल मी इतकं का बोलते आहे ते त्याशिवाय उलगडायचं नाही. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात तुकोबांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून यवतला येते. काळभैरवनाथाच्या देवळात मोठमोठ्या कढयांतून पिठलं रटरटत असतं. भाकरी मात्र देवळात होत नाहीत. त्या होतात घराघरांत. ज्या घराला जितक्या जमतील तितक्या. पहाटेपासून तवा चुलीवरून उतरत नाही. सासू थापते, सून भाजते, शेजारीण चुलीत लाकूड सारते. चुलीच्या तोंडाशी बसून चेहरा भाजून निघतो. मग त्या भाकरी फडक्यात बांधून टोपल्यांनी देवळात जातात. वारकऱ्याच्या हातावर पडणारं पिठलं गावाचं असतं आणि भाकरी कुठल्यातरी एका घराची. या दोन्ही गोष्टी हव्यात. नुसतं देवळात शिजलं असतं तर ते एका मंडळाचं काम राहिलं असतं. नुसतं घरात शिजलं असतं तर वारी जेवली नसती. वळिवड्याच्या त्या बायकांचं मला जे वाटतं ते हे. आधी प्रत्येकीची शेगडी पेटली, आणि मग त्यांचा सण, त्यांचं चर्च, त्यांची शाळा उभी राहिली.

हीच गोष्ट मला पुढं अमेरिकेत डोळ्यांनी पाहायला मिळाली. माझी मुलगी शिकागोच्या एका उपनगरात राहते. शिकागो म्हणजे पोलिश लोकांची पंढरी. अमेरिकेत पोलिश मुळाची माणसं ऐंशी लाखांहून जास्त आहेत आणि त्यातला फार मोठा गोतावळा या एका शहराच्या आसपास. मिलवॉकी अॅव्हेन्यूनं चालत गेलं की अजूनही पोलिश पाट्यांची दुकानं लागतात. खाटकाच्या दुकानात धुरी दिलेले लांबच लांब सॉसेज टांगलेले, बेकरीत खसखशीचं सारण भरून गुंडाळलेला केक.

ही माणसं मात्र वळिवडेवाल्यांच्या कितीतरी आधीची. १८५४ मध्ये सिलेशियातले शेतकरी एका धर्मगुरूच्या बोलावण्यावरून टेक्ससमध्ये जाऊन वसले, ते पन्ना मारिया हे अमेरिकेतलं पहिलं टिकलेलं पोलिश गाव. त्या वेळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच; रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं तो वाटून घेतला होता. त्यानंतरची साठेक वर्षं लाखो शेतकरी पोटासाठी समुद्रापलीकडे गेले. शिकागोचे कत्तलखाने आणि पोलादाचे कारखाने, पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणी, डेट्रॉइटचे मोटार कारखाने त्यांच्या घामावर चालले. कमरेला चार पैसे जमले की त्यांनी पहिल्यांदा चर्च बांधलं. शिकागोतलं संत स्तानिस्वाव कोस्तका यांचं चर्च १८६७ च्या धर्मग्रामाचं. पुढं तिथून शहरातला मोठा रस्ता काढायचा ठरला, तेव्हा लोकांनी इतका जोर लावला की रस्त्यालाच वळण घ्यावं लागलं. आजही गाडीतून जाताना ते चर्च रस्त्याला अगदी खेटून दिसतं. चर्चला जोडून शाळा, शाळेला जोडून मदतनिधी. कामगार खाणीत मेला तर विधवेला चार पैसे मिळावेत म्हणून वर्गणीच्या संस्था निघाल्या. १८८० मध्ये स्थापन झालेला ‘पोलिश नॅशनल अलायन्स’ त्यातलाच, तो अजून चालू आहे.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ख्रिस्ती लोकांच्या व्रताचे. त्यातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. त्या शुक्रवारी चर्चच्या तळघरातल्या सभागृहात पिएरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, विकायला ठेवतात. मुलीबरोबर मी अशाच एका चर्चमध्ये गेले आणि तिथल्या बायकांनी मला आत, थेट ओट्यापाशी जाऊ दिलं. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना साठी-सत्तरीच्या बायका, केसांवर जाळ्या, कोपरापर्यंत मैदा. एकजण कणीक लाटत होती. अंडं आणि कोमट पाणी घालून तिंबलेली, कानाच्या पाळीसारखी मऊ. दुसरी काचेच्या पेल्यानं पुऱ्या पाडत होती. मधोमध परातीत सारण: कुस्करलेला बटाटा, पनीरसारखं ताजं चीज, मिरी आणि लोण्यात तांबूस परतलेला कांदा. ते सारण पुरीवर ठेवायचं, पुरी दुमडायची आणि कडा दाबायच्या. आपण करंजीला मुरड घालतो तशी मुरड सगळ्यांना येत नव्हती. तरण्या मुली काट्यानं दाबून मोकळ्या होत होत्या, आणि एक म्हातारी बाई ते काढून घेऊन बोटांनी पुन्हा दाबत होती. मी त्यातली एक घेतली आणि मुरड घालून दाखवली. तिनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, बाजूच्या बायकांना दाखवली आणि मला टेबलाशी जागा करून दिली. पाणी उकळत होतं. पिएरोगी त्यात सोडायच्या, तरंगून वर आल्या की झाऱ्यानं उपसायच्या आणि लोण्यात घोळवायच्या. बाहेर डझनाच्या हिशेबानं डबे विकले जात होते. त्या पैशातून चर्चचं छप्पर दुरुस्त होणार होतं.

मुलीच्या मदतीनं मी त्यांना कोल्हापूरचं सांगितलं. त्यांना फार नवल वाटलं. भारतात पोलिश गाव होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचे आजे-पणजे कोळशाच्या खाणीत कामाला आलेले. पण दुवा आहे. १९४३ मध्ये इराणमधून आलेल्या काही पोलिश कुटुंबांना मुंबईच्या बंदरात अमेरिकी लष्करी जहाजावर चढवलं गेलं. पॅसिफिक ओलांडून ती कॅलिफोर्नियाला उतरली आणि तिथून रेल्वेनं मेक्सिकोतल्या लिओन शहराजवळ, सांता रोसा नावाच्या वसाहतीत गेली. युद्ध संपल्यावर त्यातल्या अनाथ मुलांना अमेरिकेतल्या संस्थांनी सामावून घेतलं. मुंबईच्या धक्क्यावरून निघालेली ही पोरं अखेर याच पिएरोगीवाल्या समाजात मिसळली.

त्या तळघरातून निघताना मला मुलीच्या गावातलं मराठी मंडळ आठवलं. आपली माणसंही तिकडे काही कमी करत नाहीत. १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, गावोगावी मंडळं आहेत, सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरते, गणपती बसतो, दिवाळी होते. पण अलीकडे जेवण बाहेरून येतं. अॅल्युमिनियमच्या ट्रे, त्यात पनीरची भाजी आणि जिलबी. पूर्वी म्हणे प्रत्येकजण घरून एक पदार्थ करून आणायचा. सगळे नोकरी करणारे, वेळ नाही, हे मला कळतं. तरी मला वाटतं की भाषेच्या शाळेइतकीच ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्या म्हातारीनं दाबलेली कड पाहून शेजारची मुलगी शिकत होती. विकतच्या ट्रेकडे पाहून कुणी काय शिकणार? वर्षातून एकदा तरी मंडळातल्या सगळ्यांनी एका सभागृहात जमून मोदक वळावेत. सुबक नाही आले तरी चालतील. मुलीला मी हे सांगितलंय, आणि तिनं मनावर घेतलंय.

अमेरिकेत हॅमट्रॅमिक नावाचं छोटं शहर आहे, डेट्रॉइटनं जवळजवळ चारी बाजूंनी वेढलेलं. मोटार कारखान्यात आलेल्या पोलिश कामगारांनी ते वाढवलं. जवळपास शंभर वर्षं तिथला महापौर पोलिश वंशाचाच असायचा. व्रताचे दिवस सुरू होण्याआधीच्या मंगळवारी तिथं ‘पोंचकी’ नावाचे, आत जॅम भरलेले तळलेले गोड गोळे घ्यायला पहाटेपासून रांगा लागतात. आज त्या घरांतून बांगलादेशी आणि येमेनी कुटुंबं राहतात, २०२१ मध्ये महापौरही येमेनी वंशाचा निवडून आला. पोंचकीच्या रांगा मात्र अजून लागतात. हे वाचलं तेव्हा मला वळिवड्याच्या छावणीच्या जागी वसलेलं आमचं गांधीनगर आठवलं.

कारण वळिवड्याचं पुढं तेच झालं. युद्ध संपलं, पण पोलिश माणसांना घरी जाता येईना. याल्टाच्या बैठकीत बड्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्वेकडची बाजू रशियाला देऊन टाकली होती. या लोकांची शेतं, घरं, गोठे सगळं त्या बाजूला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन-अमेरिकेनं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि छावणीचा खर्च आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे गेला. ज्यांचे नवरे-बाप ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली लढले होते, ती कुटुंबं १९४७-४८ मध्ये इंग्लंडला गेली. काही पोलंडला परतली, काही आफ्रिकेतल्या छावण्यांत, काही पुढं ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत. एखाद-दुसरी मुलगी कोल्हापुरातच लग्न करून राहिली. काहींची माती इथंच झाली. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत.

१९४८ मध्ये बराकी रिकाम्या झाल्या आणि त्यांत फाळणीनं उखडलेले सिंधी आले. पोलिश बाईनं जिथं बार्श्च शिजवलं त्याच ठिकाणी सिंधी बाईनं कढी ठेवली. हातात काही नसताना त्यांनी कापड विकायला सुरुवात केली, आणि आज गांधीनगर ही कापडाची एवढी मोठी पेठ आहे की आमच्या यवतची माणसंसुद्धा लग्नाचा बस्ता बांधायला तिकडे गेलेली मला माहीत आहेत. जुन्या बराकी आता शोधाव्या लागतात. कुठं एखादी भिंत, कुठं उतरतं कौलारू छप्पर.

वळिवड्यात वाढलेली पोलिश मुलं म्हातारी होईपर्यंत कोल्हापूरला येत राहिली. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सात २०१७ मध्ये वळिवडे-कोल्हापूर छावणीची स्मृतिशिला बसली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये खुद्द वळिवड्यात स्तंभ उभा राहिला. त्या सोहळ्याला ऐंशी-नव्वदीतली माणसं पोलंड-इंग्लंडहून आली होती. त्यांच्या बाजूच्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या आहेत. आपली बाजू लिहायची राहिली आहे. उचगाव, वळिवडे, चिंचवाड, रुकडी या गावांतून कोण छावणीत काय विकायला जायचं, त्या बायकांशी व्यवहार कुठल्या भाषेत व्हायचा, त्यांनी काय खाऊ घातलं, आपण काय खाऊ घातलं, हे सांगू शकतील अशी माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्याजवळ बसून, वही उघडून विचारायला हवं, आणि ते याच वर्षी. मी माझ्या थोरल्या मामांपासून सुरुवात केली आहे. आजीबरोबर दुधाची किटली धरून ते छावणीत जायचे. नावं त्यांना आठवत नाहीत. पण कुठल्या रांगेतल्या कितव्या घरी किती माप दूध घालायचं, ते त्यांनी मला एका दमात सांगितलं.